मतदाराला बोल लावण्यापूर्वी

स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदान आटोपले की दुसऱ्या दिवसापासून एक ठराविक कीर्तन सुरू होते. आख्यान असते मतदाराच्या उदासीनतेचे. निम्मे शहर घरी बसले, सुशिक्षितांनी पाठ फिरविली, तरुण सहलीला गेले, अशा लोकांना लोकशाहीची चाड ती काय असणार, असा सूर लागतो. टाळ धरायला सत्ताधारी आणि विरोधक दोघेही उभे राहतात, कारण या एकाच आख्यानात दोघांपैकी कोणाचेही नाव येत नाही. मग उपायांची खैरात होते. मतदान न करणाऱ्याला दंड करा, त्याच्या सवलती काढून घ्या, असे कोणी सुचवितो. एखादा उपाहारगृहवाला बोटावरची शाई दाखविणाऱ्याला बिलात सूट जाहीर करतो. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांचे मतदान झाले, मुंबईचा आकडा सुमारे ५३ टक्क्यांवर थांबला, आणि हे कीर्तन पुन्हा एकदा रंगले.

त्यात खोटे काय आहे हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्यातले काही सूर आता स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्या वर्तुळांतूनही उमटू लागले आहेत.

प्रथम आकडेच पाहावेत. मुंबई महापालिकेसाठी २०१२ साली सुमारे ४५ टक्के मतदान झाले. २०१७ साली ते ५५ टक्क्यांवर गेले. शहर तेच, चाळी त्याच, सहनिवास तेच. मधल्या पाच वर्षांत मुंबईकरांवर नागरिकत्वाचे असे कोणते संस्कार झाले की दर शंभरांत दहा माणसे अधिक बाहेर पडली? संस्कार वगैरे काही झाले नव्हते. वर्षानुवर्षे एका पंगतीला बसलेले शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष त्या वर्षी समोरासमोर उभे होते, निकाल काय लागेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते, आणि म्हणून आपल्या मताने काही ठरेल असे मतदाराला वाटले. एवढेच घडले. आळस हाच ज्याचा स्वभाव आहे असा माणूस पाच वर्षांत इतका बदलत नसतो.

खेड्यांकडे पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. करोनाची साथ पुरती ओसरली नव्हती, लस जेमतेम दारात आली होती. तरीही मतदान ७९ टक्क्यांच्या घरात गेले. गावी राहिलेला थोरला भाऊ मत देतो आणि भांडुपला स्थायिक झालेला धाकटा देत नाही, यात दोघांच्या रक्तात फरक आहे असे म्हणायचे काय? फरक आहे तो समोरच्या संस्थेत. थोरल्याला सरपंच ठाऊक असतो, ग्रामपंचायतीचा शिक्का कोणाच्या खिशात राहणार हे त्या दिवशी ठरणार असते, आणि घरकुलाच्या यादीपासून पाणंद रस्त्यापर्यंत अनेक गोष्टी त्यावर अवलंबून असतात. धाकट्याच्या वाट्याला आलेली महापालिका त्याच्याहून हजारो पटींनी श्रीमंत आहे; पण तिच्यात त्याच्या मताने नेमके काय ठरते, हे त्याला कोणी प्रामाणिकपणे सांगितलेले नाही. सांगायचे ठरविले तर उत्तर फारसे सुखावह नाही.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याचीही त्याच महिन्यात. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर यांची मुदत तर २०२० मध्येच संपून गेली होती. या सर्व शहरांना निवडणूक लाभली ती जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे मुंबई-पुण्यात जवळजवळ चार वर्षे आणि औरंगाबादेत जवळजवळ सहा वर्षे लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. ज्या औरंगाबादेत नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, तेथे पाण्याबद्दल जाब विचारायला नागरिकाकडे सहा वर्षे एकही नगरसेवक नव्हता. आणि ज्यांनी ही निवडणूक सहा वर्षे होऊ दिली नाही तेच आता विचारतात की मतदार आला का नाही!

राज्यघटना या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुच्छेद २४३-यू लागू झाला. नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे तो सांगतो. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच बजावले. तरीही महाराष्ट्रात, स्थानिक स्वराज्याच्या परंपरेचा उठल्याबसल्या अभिमान सांगणाऱ्या या राज्यात, हा अनुच्छेद वर्षानुवर्षे पायदळी तुडविला गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्याव्यात असा आदेश दिला. ती मुदतही पाळली गेली नाही आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली.

या दिरंगाईला इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाची ढाल करण्यात आली, हे विशेष संतापजनक आहे. ते आरक्षण हा या समाजघटकांचा हक्क आहे. त्यासाठी समर्पित आयोग नेमून प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली आकडेवारी जमवावी ही न्यायालयाची अट मार्च २०२१ मध्येच पुन्हा स्पष्ट झाली होती. जे काम मनात आणले तर काही महिन्यांत होते, त्यात आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही सरकारांनी चालढकल केली. बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, आणि लगेच पुढच्या महिन्यात प्रभागांची संख्या व रचना फिरविल्याने सारे प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकले. मागासवर्गीयांच्या नावाने निवडणूक थांबली. त्या काळात सभागृहात ना मागासवर्गीय बसला, ना कोणी अन्य. मुंबईच्या २२७ जागांपैकी ११४ जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या ११४ स्त्रियांची जागा चार वर्षे एका सनदी अधिकाऱ्याने भरून काढली होती, असे म्हणायचे की काय?

नियम फिरविण्याचा हा उद्योग जुनाच आहे. मुंबई वगळता इतर महापालिकांत २००२ साली एका प्रभागातून तीन नगरसेवक निवडायचे होते, २००७ साली एक, २०१२ साली दोन, २०१७ साली चार. त्यानंतरच्या सरकारने पुन्हा एकाचा निर्णय केला, मग तिघांचा. त्यानंतरच्या सरकारने पुन्हा चारांचा. नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, याचाही असाच लंबक झालेला आहे. यातील एकही बदल मतदाराला विचारून झालेला नाही, आणि त्याच्या सोयीसाठी तर नाहीच नाही. ज्या पक्षाला ज्या वेळी जे सोयीचे ते त्याने केले. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे लहानसहान तालुक्याच्या गावाएवढी लोकसंख्या. त्यात गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाचे दार ठोठवावे हे रहिवाशाला कळत नाही, आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. अपक्षाने किंवा लहान पक्षाच्या निष्ठावान कार्यकर्त्याने एवढ्या मोठ्या प्रभागात पदरचे पैसे घालून पायी फिरून निवडून यावे, ही शक्यता या रचनेने जवळजवळ संपविली. पैसा आणि पॅनेल ज्याच्याकडे, प्रभाग त्याचा.

याहून खोल दुखणे आहे ते अधिकारांचे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यानुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे असते आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौर मोटारीतून फिरतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, सभा चालवितो; आदेश काढू शकत नाही. परक्या सरकारने नेटिवांच्या हाती कारभार देताना लगाम स्वतःकडे ठेवला, हे त्याच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. स्वराज्य आल्यानंतरही तो लगाम कोणी सोडला नाही. फक्त धरणारा हात बदलला. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविण्याजोगी अठरा कामे मोजून दिली आहेत, त्यात नगरनियोजन पहिले आहे. प्रत्यक्षात मुंबईची जमीन, झोपडपट्टीचे पुनर्वसन, मेट्रो, उड्डाणपूल यांचे निर्णय होतात ते प्रदेश विकास प्राधिकरणात, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणात, म्हाडात, आणि अखेरीस मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर. धारावीच्या लक्षावधी माणसांच्या घरादाराचा निर्णय ज्या सभागृहात होत नाही, त्या सभागृहासाठी धारावीकराने रांगेत का उभे राहावे, याचे उत्तर आधी द्यावे आणि मग उपदेश करावा.

पैशाचीही तीच गत. जकात हा कर कितीही जाचक असला तरी तो शहराचा स्वतःचा होता. राज्यातल्या इतर महापालिकांची जकात आधीच गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर व्यापाऱ्यांच्या दबावाखाली बव्हंशी गुंडाळला गेला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर मुंबईची जकातही संपली. आता शहरांना मिळते ती भरपाई. ती वरून येते, आणि वरून येणाऱ्या पैशाबरोबर वरच्यांची मर्जीही येते. ज्या आमदाराचा पक्ष मंत्रालयात नाही त्याच्या मतदारसंघाला निधी कसा मिळत नाही, हे प्रशासकीय राजवटीच्या काळात मुंबईने उघड्या डोळ्यांनी पाहिले. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. तो आयुक्तांनी मांडला आणि त्याच आयुक्तांनी प्रशासक या नात्याने स्वतःच मंजूर केला. त्याआधीच्या दोन वर्षांतही हेच घडले होते. आपणच पत्र लिहावे आणि आपणच पोचपावती द्यावी, तसा हा प्रकार.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मध्यमवर्गात चांगलाच रुजला आहे. नगरसेवक म्हणजे टक्केवारी. त्यापेक्षा प्रशासक बरा, निदान कामे होतात. या आक्षेपात तथ्याचा अंश नाही असे नाही. टक्केवारीची कीड खरी आहे आणि तिला सर्व पक्षांनी आश्रय दिला आहे. पण कंत्राटदार सभागृहाबरोबर बरखास्त होत नसतो. सभागृह नसते तेव्हा त्याला एकाच दाराशी जावे लागते, एवढाच फरक; आणि त्या दाराआड काय ठरले हे विचारणारा कोणी उरत नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा अशी भूमिका घेऊन सर्व सदस्यांत एकट्या जोतिरावांनी विरोध नोंदविला. प्रस्ताव अडला नाही. पण विरोधाचा तो एक हात वर झाला, नोंदला गेला आणि आज जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रशासकाच्या राजवटीत तो एक हातही नसतो. प्रशासकाचे कौतुक करणाऱ्यांनी ७४ हजार कोटींच्या त्या अर्थसंकल्पात विरोधाची एखादी ओळ नोंदलेली दाखवावी.

मतदानाच्या टक्केवारीविषयी बोलताना छेदाकडे कोणी पाहत नाही, हेही आश्चर्यच. एक कोटी तीन लाखांवर मतदार असलेल्या मुंबईच्या प्रारूप यादीत एकाच व्यक्तीचे नाव दोन वा अधिक ठिकाणी असल्याच्या नोंदी अकरा लाखांच्या घरात निघाल्या. त्यांतल्या किती खरोखरच दुबार आणि किती नुसत्या नामसाधर्म्याच्या, हे तपासताना यंत्रणेची दमछाक झाली. मृतांची नावे, घर सोडून गेलेल्यांची नावे वेगळीच. संक्रमण शिबिरात हलविलेले भाडेकरू जुन्या पत्त्यावर मतदार राहतात. ज्या चाळीच्या जागी आज खड्डा आहे तेथे यादीत अजून साठ कुटुंबे नांदत असतात. असा फुगलेला छेद घेऊन काढलेल्या टक्केवारीवर नागरिकांच्या नीतिमत्तेचे मोजमाप करणे हे गणित म्हणूनही चुकीचे आहे. उलट यादीच्या बाहेर राहिलेल्यांची मोजदाद कोणीच करीत नाही. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार तोडून वापरतात, आणि या वेळी ती १ जुलै २०२५ ची धरण्यात आली. त्यानंतरच्या साडेसहा महिन्यांत ज्यांनी अठरावे वर्ष पूर्ण केले ते सारे तरुण बाहेर राहिले. तेही वृत्तपत्रांच्या लेखी उदासीनच असतील.

मग राहतो तो कामकरी. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी जाहीर होते, ती सरकारी कचेरीत आणि मोठ्या कारखान्यात पाळली जाते. कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, इमारतीवरचे बिगारी, दुचाकीवरून जेवण पोचविणारी मुले यांची त्या दिवशी मजुरी बुडते किंवा मालकाची बोलणी खावी लागतात. तरीही यांच्या वस्त्या मतदान करतात. हे विसरता कामा नये की मुंबईत कमी मतदानाचा विक्रम झोपडपट्टीच्या नावावर नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईत सर्वांत कमी, सुमारे ४४ टक्के मतदान झाले ते कुलाब्यात. ज्याच्या सहनिवासाला टँकर विकत घेता येतो, ज्याची मुले महापालिकेच्या शाळेच्या फाटकातून कधी आत गेली नाहीत, ज्याने केईएमची ओपीडी पाहिलेली नाही, त्याला महापालिका नको असते. आणि त्याला काही हवे झाले तर आयुक्तांच्या कक्षाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्यापाशी असतो. त्याच्या न येण्याने त्याचे काही अडत नाही. पत्र्याच्या घरातल्या बाईचे मात्र अडते. नळजोडणी, संडास, दाखला, पावसाळ्यापूर्वी नालेसफाई, या प्रत्येकासाठी तिला मध्यस्थ लागतो, आणि तिचे मत हे त्या मध्यस्थाला दिलेले आगाऊ भाडे असते. दोघांना एकाच ‘उदासीन मतदार’ या नावाखाली कोंबणे म्हणजे वर्गभेदावर पांघरूण घालणे होय.

ऊसतोडणी कामगाराची गोष्ट तर अधिकच विदारक. बीडचा तोडणीवाला दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन घराबाहेर पडतो तो शिमग्यापर्यंत परतत नाही. जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०१२ आणि २०१७ साली झाल्या त्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात. ७९ टक्क्यांच्या त्या ग्रामपंचायत निवडणुकाही जानेवारीतल्याच. उमेदवार कारखान्याच्या तळावर जीप पाठवितो, मुकादमाशी बोलून तोडणीची टोळी एका रात्रीसाठी गावी आणतो, मत टाकून घेतो आणि पहाटे परत फडात पोचवितो. टक्केवारी वाढते. ज्याने भाडे भरले त्याला मत मिळते. शासनाने तळावर टपाली मतदानाची सोय करण्याचा विचार गंभीरपणे केला असता तर ही वाहतूक थांबली असती. पण मग जीपवाल्यांचे कसे होणार?

म्हणूनच टक्केवारीची पूजाही नको. उमराणे आणि खोंडामळी या दोन गावांची नावे जानेवारी २०२१ मध्ये गाजली. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली, नंदुरबारच्या खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. मंदिराच्या नावाने लिलाव, आणि गावाने बिनविरोधाची हमी द्यायची. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. ज्या गावांत लिलाव गाजावाजा न करता होतो तेथे काय घडते? बिनविरोध निवडीला बक्षीस देण्याची, तिचे कौतुक करण्याची महाराष्ट्रातली प्रथा ही गावकीच्या एकीची नव्हे, पुष्कळदा भावकीच्या दहशतीची प्रथा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना प्रौढ मताधिकार आणि त्याबरोबर अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व यांची मागणी केली ती यासाठीच. गावाच्या हाती सत्ता द्यायची म्हणजे गावातल्या कोणाच्या हाती, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आता शहरांत आला आहे. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत पन्नासाहून अधिक जागा बिनविरोध गेल्या, आणि त्या जवळजवळ सर्व सत्ताधारी आघाडीच्या पदरात पडल्या. कल्याण-डोंबिवलीत त्यांचा भरणा मोठा. अर्ज मागे घेणाऱ्यांना एकाएकी वैराग्य का आले याचा अहवाल आयोगाने मागविला. निकालात त्याने फरक पडला नाही. अशा जागेवर मतदाराला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबण्याचीही संधी मिळत नाही. तेथील मतदान शून्य टक्के. त्याचे खापर कोणाच्या आळसावर फोडणार?

सक्तीचे मतदान हा उपाय सुचविणाऱ्यांनी गुजरातचा इतिहास पाहावा. तेथे २००९ साली स्थानिक संस्थांसाठी मतदान सक्तीचे करणारे विधेयक विधानसभेने संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठविले, ते पुन्हा संमत झाले, २०१४ साली नव्या राज्यपालांची संमती मिळाली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शंभर रुपये दंडाची ती तरतूद होती. शंभर रुपये कुलाब्याला जाणवत नाहीत, बिगाऱ्याला जाणवतात. मालकाने सुट्टी दिली नाही म्हणून ज्याची मजुरीही वाचायला हवी आणि मतही द्यायला हवे, त्याच्याच खिशात सरकारने पुन्हा हात घालायचा, आणि मुदत संपल्यावर सहा सहा वर्षे निवडणूक न घेणाऱ्या सरकारला मात्र एक कवडीचाही दंड नाही! सक्ती करायचीच असेल तर ती या बाजूने करावी. मुदत संपण्याच्या दिवशी निवडणूक झालेली नसेल तर त्या शहराच्या जमिनीविषयी आणि मोठ्या कंत्राटांविषयी प्रशासकाला एकही नवा निर्णय घेता येणार नाही, असे कायद्यात लिहावे. मग निवडणुका किती वेळेवर होतात ते दिसेल.

आता थोडे स्वपक्षीयांविषयी. समाजवादी चळवळीत एक काळ असा होता की नगरपालिका हे राजकारणाचे दुय्यम दालन मानले जात नसे. ना. ग. गोरे १९५७ साली पुण्यातून लोकसभेवर गेले होते, आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्याच पुण्याचे महापौर होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. भाई वैद्य १९७४ साली महापौर झाले. मृणाल गोरे १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. विधानसभा आणि लोकसभा नंतर आल्या. त्या विशेषणामागे कोणती जाहिरात नव्हती. मोर्चा, पालिकेतले भाषण आणि नळाला आलेले पाणी या तिन्हींचा संबंध गोरेगावच्या बायकांना डोळ्यांनी दिसत होता. मतदानाला बाहेर पडा असे त्यांना कोणाला सांगावे लागत नव्हते. राममनोहर लोहियांचे चौखंबा राज्य, म्हणजे गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरची सत्ता, हे पुस्तकातले सूत्र त्या काळी एखाद्या उपनगराच्या नळावर उतरले होते.

आज चित्र काय आहे? आघाड्यांच्या वाटाघाटींत स्थानिक संस्था म्हणजे वरच्या तडजोडीत वाटून द्यायच्या जागा. ‘खरा संघर्ष दिल्लीत आहे, गटारे-नळ नंतर पाहू’ असे म्हणणारे सोबती प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. त्यांना जातीयवादाची चिंता आहे आणि ती योग्य आहे. पण जातीय विष पेरणारी मंडळी मोहल्ल्याच्या तोंडाशी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उभी असतात. दवाखान्यात खाट मिळवून देतात, शाळेच्या प्रवेशासाठी खेटे घालतात, गणपतीचा मांडव घालतात, आणि त्या ओघात आपले म्हणणे कानात सोडतात. पुरोगामी कार्यकर्ता उगवतो तो निवडणुकीच्या तीन आठवडे आधी, चांगला मजकूर असलेले पत्रक घेऊन. मतदार ते पत्रक वाचतो, मान डोलावतो आणि घरी बसतो. त्याला बोल लावणे सोपे आहे.

शहरांतही लोकांनी बसून ठरविण्याची जागा कायद्यात आहे, हे तरी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात हे घटनेनेच सांगितले. त्याखाली क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेची, तरतूद महाराष्ट्राने २००९ साली केली. ती केंद्राच्या नागरी योजनेचा पैसा हवा होता म्हणून केली, हे लपून राहिले नाही. भरलेली क्षेत्रसभा आज दिवा घेऊन शोधावी लागते. एकाही मोठ्या पक्षाने तिच्यासाठी मोर्चा काढलेला नाही, कारण तिच्यामुळे नगरसेवकालाही दर काही महिन्यांनी लोकांपुढे उभे राहावे लागेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत बसविली, २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. जेथे जंगल, बांबू आणि पैसा यांविषयी प्रत्यक्ष ठरते तेथे माणसे कामधंदा सोडून सभेला बसतात. मुंबईच्या एखाद्या प्रभागात विकास आराखड्यातील मैदानाचे आरक्षण उठवायचे की नाही हे क्षेत्रसभेत ठरू द्या, आणि मग किती माणसे येतात ते मोजा.

नव्या सभागृहांची पाच वर्षे त्यांच्या पहिल्या सभेपासून मोजली जातील. म्हणजे २०३१ च्या आरंभी त्यांची मुदत संपेल आणि त्याआधी मतदान झाले पाहिजे. प्रभागरचना, आरक्षण, यादी यांची निमित्ते २०२९-३० पासूनच शिजू लागतील. तोवर कार्यकर्त्यांच्या हाती काम आहे ते असे की प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागाची यादी घेऊन घरोघर जावे, मेलेली नावे वगळण्याचे आणि राहिलेली नावे घालण्याचे अर्ज भरावेत, संक्रमण शिबिरांत आणि झोपडपट्टीत हे काम आधी करावे. आणि क्षेत्रसभा भरविण्याची लेखी मागणी, पन्नास रहिवाशांच्या सह्यांनिशी, वॉर्ड कचेरीत नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. बहुतेक ठिकाणी कारकून विचारील, क्षेत्रसभा म्हणजे काय?